शब्द सांगायचा नाही

मुलांना वाचायला शिकवायचं म्हणजे काय करायचं, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणते, आधी गप्प बसायला शिका. लोकांना वाटतं मी टाळाटाळ करतेय. पण उभा जन्म या कॉफीच्या डोंगरात, एका खोलीच्या शाळेत पाच इयत्ता एकदम हाकत काढल्यावर माझ्या हाती एवढंच लागलंय. अडलेल्या मुलाला शब्द सांगायचा नाही. त्याच्या समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं. समोर बसलं की पोर पुस्तकात बघत नाही, तुमच्या तोंडाकडे बघतं आणि तुमच्या ओठांवरून शब्द उचलतं. शेजारी बसलं की बिचाऱ्याला पुस्तकाशिवाय बघायला काही उरत नाही.

आणि मग थांबायचं. हे थांबणं फार जड जातं. पोर एका अक्षराशी अडून बसलंय, कपाळावर घाम आलाय, तुम्हाला तो शब्द माहीत आहे, अगदी जिभेवर आलाय, आणि तरी तो गिळायचा. भलेभले इथं हरतात. शब्द सांगून टाकतात आणि वर म्हणतात, मदत केली. कसली मदत? पोरानं तोंडाशी आणलेला घास काढून घेतलात तुम्ही.

मोठ्या शाळेतून आमच्याकडे तपासणीला एक साहेब येतात. त्यांना हे पटत नाही. ते घड्याळ घेऊन येतात, मुलानं मिनिटाला किती शब्द वाचले ते मोजतात आणि कागदावर सशाचा नाहीतर कासवाचा शिक्का मारून जातात. मी एकदा त्यांना म्हटलं, "साहेब, तुम्ही जेवायला बसलात की वहिनी घास मोजतात का?" तेव्हापासून ते माझ्याकडे कॉफी घेत नाहीत. बरंच झालं, साखर वाचते.

तर आमच्या वाडीतल्या एलिएसेरची लेक दामारिस. दहा वर्षांची पोर, तिसरीत दुसऱ्यांदा बसलेली. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून मागच्या बाकावर. तिचं दुखणं मला कळायला वेळ लागला, कारण ती अडखळतच नसे. धडा घडाघडा म्हणायची. एकदा तिनं चुकून दोन पानं एकदम उलटली आणि मधल्या पानावरचा मजकूर न चुकता तसाच म्हणत राहिली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरगी वाचतच नव्हती. इतरांचं ऐकून ऐकून सगळं पुस्तक तिनं पाठ करून ठेवलं होतं.

मी रागावले नाही. रागवायचं काय त्यात? एवढं पाठ करायला वाचण्याच्या दुप्पट कष्ट लागतात, आणि तेही कुणाला कळू न देता. मी फक्त तिचं पुस्तक काढून घेतलं आणि तिनं कधी ऐकलं नसेल असं काहीबाही तिच्यापुढे ठेवू लागले. खताच्या पोत्यावरच्या सूचना, खोकल्याच्या बाटलीवरचा कागद, जुन्या वर्तमानपत्रातली हरवलेल्या खेचराची जाहिरात. पहिले बरेच दिवस ती नुसती बसून राही. मीही बसून राही. बाकीची मुलं तोवर छपरावर चढत. मग हळूहळू एकेक शब्द यायला लागला. खेचराच्या जाहिरातीत शेवटी 'स्वभावाने गरीब, पण चावते' असं होतं. तिथवर पोचायला तिला अख्खी सकाळ लागली, आणि पोचल्यावर ती जी हसली! ते हसणं पाठांतराचं नव्हतं. मला त्या दिवशी भात गोड लागला.

पण नोव्हेंबरात साहेब आले, घड्याळ लावलं आणि दामारिसच्या कागदावर कासव उमटवून गेले. चौथ्या दिवशी एलिएसेर शाळेच्या दारात. कॉफीच्या तोडणीचे दिवस, कमरेची टोपलीसुद्धा सोडली नव्हती त्यानं. आत ये म्हटलं तरी येईना.

"बाई, पोरीचं नाव काढून टाका."

"का रे बाबा?"

"ओफेलिया नेतेय तिला शहरात, नेइव्हाला. तिच्या मालकिणीला मूल सांभाळायला पोरगी हवीय. खाणंपिणं, कपडालत्ता, सगळं बघतील."

ओफेलिया त्याची धाकटी बहीण. शहरात एका घरी स्वयंपाक करते, आणि वर्षातून एकदा आली की सगळ्या वाडीला शहाणं करून जाते.

"दहा वर्षांची आहे ती," मी म्हटलं. "आणि आत्ता कुठं वाचायला लागलीय."

"कुठं लागलीय? कासव मारलंय साहेबांनी. पोरं तिला वाटेत कासव म्हणून हाका मारतात." तो खाली बघत बोलत होता. "मलाही असंच हसायचे, बाई. मी दुसरीत शाळा सोडली ती त्यापायीच. तिथं निदान कुणी हसणार नाही तिला."

त्याचं चुकत होतं, पण त्याच्या मनात खोट नव्हती. अशा माणसाशी भांडणं फार अवघड. तरी मी भांडले. साहेबांचा उद्धार केला, ओफेलियाचा केला, त्याचाही केला. शेवटी तो म्हणाला, "बरं. डिसेंबरात चोवीस तारखेला नोवेना आमच्या घरी आहे. घरातल्यानं वाचायचं असतं. दरवर्षी मी शेजारच्याला हातापाया पडून बोलावतो. यंदा दामारिसला वाचू दे सगळ्यांसमोर. वाचलं तर राहील शाळेत. नाहीतर सव्वीसच्या बसनं ओफेलियाबरोबर जाईल."

नाताळाआधी नऊ संध्याकाळ आमची सगळी वाडी रोज एकेका घरी जमते आणि गोठ्याच्या देखाव्यासमोर नोवेना म्हणते. रोजच्या प्रार्थना सगळ्यांना तोंडपाठ असतात. पण त्या त्या दिवसाचा म्हणून पानभर मजकूर असतो, तो त्या घरच्या माणसानं पुस्तिकेतून मोठ्यानं वाचायचा. अडणाऱ्या पोराला चारचौघांत वाचायला लावू नये, हे मी ओरडून ओरडून सांगत आलेय. पण एलिएसेर काही ऐकेना. म्हणून मी नवव्या दिवसाचं पान काढलं आणि रोज दुपारी दामारिसच्या शेजारी बसू लागले.

व्हायचं तेच झालं. आठवडाभरात तिला ते पान पाठ झालं.

"पाठ झालं ना गं तुझं?" मी विचारलं.

"हो बाई."

"मग चोवीसला काय करणार?"

"म्हणणार. वाचल्यासारखं." आणि मग हळूच, "बोट फिरवायचं ना बाई, ओळीखालून? म्हणजे खरं वाटेल."

मला माझं तत्त्व प्यारं आहे, पण पोरगी त्याहून प्यारी. मी म्हटलं, "फिरव बाई, फिरव." आणि खताचं पोतं पुन्हा पुढ्यात ओढलं, निदान दुपारचा थोडा वेळ तरी खरं वाचून होऊ दे म्हणून.

तेवीस तारखेला आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. ओढ्यावर पुलासारखा टाकलेला ओंडका वाहून गेला आणि त्या संध्याकाळी कुणी घराबाहेर पडलं नाही. चोवीसला मात्र उघडलं. दिवे लागायच्या आत एलिएसेरचं घर भरून गेलं. कोपऱ्यात शेवाळ पसरून देखावा मांडला होता, आरशाच्या तुकड्याचं तळं, त्यात मेंढरांपेक्षा मोठी बदकं. चुलीवर कढईत बुन्युएलो, म्हणजे चीजचे गोळे, फुगून गरगर फिरत होते. पोरं बाटल्यांची बुचं ठोकून केलेले खुळखुळे वाजवून जीव खात होती. दामारिसला नवा झगा घातला होता. तो ओफेलियानं शहरातून आणला होता, जाताना घालायला म्हणून.

प्रार्थना सांगायचा मान ट्रान्सितो आजींचा. त्यांना दिसत कमी, पण नोवेनाचा शब्द न् शब्द त्यांच्या पोटात आहे. सुरुवातीच्या प्रार्थना झाल्या, खुळखुळे वाजले, आणि आजींनी पुस्तिका दामारिसच्या हातात दिली.

दामारिसनं बोट ठेवलं आणि सुरू केलं. काय सुरेख म्हणत होती! आवाज खणखणीत, विरामाच्या जागी विराम. एलिएसेर दाराला टेकून उभा होता. त्याचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, जाऊ दे ते तत्त्व चुलीत.

"थांब, थांब पोरी," ट्रान्सितो आजी म्हणाल्या. "हा नववा दिवस. काल पावसानं आठवा राहिला ना. आधी आठवा."

इतकी वर्षं या वाडीत काढली, आजींना ओळखून आहे, त्या एक मुक्काम गाळून देवाला पुढे जाऊ देणार नाहीत हे मला कळू नये?

"पण पान तर आठव्याचंच काढून दिलं होतं मी," आजी पुढे म्हणाल्या. "खूण ठेवली होती दोरा घालून."

सगळ्यांनी पुस्तिकेकडे पाहिलं. दामारिसचं बोट आठव्या दिवसाच्या पानावर होतं, आणि तोंडातून नववा दिवस निघाला होता. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग ओफेलियाला कळलं.

"अगं बाई, पोपट!" ती हसली. "बघितलंस ना दादा? म्हणत नव्हते मी?"

खोलीत खसखस पिकली. वाईट कुणी नव्हतं, सणाचं हसू होतं ते, पण दामारिसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एलिएसेर दारापासून सरकला आणि पुस्तिका घ्यायला पुढे आला. त्याला तिला वाचवायचं होतं. मला स्वच्छ दिसत होतं, त्याला वाटत होतं की लेकीला आता या घोळक्यातून उचलावी आणि कुणी हसणार नाही अशा ठिकाणी नेऊन ठेवावी.

मी उठले. माझं स्टूल उचललं, माणसांच्या पायांवरून नेलं आणि दामारिसच्या शेजारी टेकलं. समोर नाही, शेजारी. एवढंच मला येतं, एवढंच केलं.

"एलिएसेर, दारात जा," मी म्हटलं. "पोरगी वाचतेय."

"बाई, राहू द्या ना आता..."

"बाबा," दामारिस म्हणाली. पुस्तिका तिनं छातीशी धरली होती. "मी वाचते."

आणि तिनं वाचायला सुरुवात केली. मघाचा खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला. घोगरा, चाचपडणारा, दुसऱ्याच कुणा मुलीचा असावा असा आवाज. एक शब्द, मग थांबणं. दुसरा शब्द, मग मागे जाऊन पुन्हा पहिला. पहिल्या ओळीला मुलं कंटाळली. दुसऱ्या ओळीला बायकांचं कढईकडे लक्ष गेलं. तिसऱ्या ओळीत ती अडली.

"मु... मुसा..."

खोलीतल्या निम्म्या लोकांना तो शब्द येत होता. माझ्याही जिभेवर होता. मी दात आवळून बसले.

"मुसाफिर..." ओफेलियानं सुरुवात केली.

"सांगू नको ना आत्या," दामारिस मान वर न करता म्हणाली. "मला दिसतोय तो."

ओफेलिया तोंड उघडं ठेवून गप्प झाली. इतकी माणसं एका खोलीत आणि नुसता तेलाचा आवाज. ट्रान्सितो आजींचे ओठ हलत होते, सवयीनं. त्यांच्या लक्षात आलं तशी त्यांनी हाताची मूठ ओठांवर दाबून धरली. ऐंशीच्या घरातली बाई, सगळी नोवेना पोटात, आणि एका पोरीसाठी एक शब्द गिळत बसलेली. मला त्या क्षणी आजींचे पाय धरावेसे वाटले.

"मुसाफिरखाना," दामारिस म्हणाली. "मुसाफिरखान्यात... जागा... नव्हती."

मग पुढे. त्या दिवसाच्या पानात नवराबायको गावात येतात आणि दारोदार फिरतात. बाईचे दिवस भरलेले. सगळी घरं भरलेली, आणि जिथं जागा आहे तिथलेही या गरिबांना आत घेत नाहीत. हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. दरवर्षी कुणीतरी ते भरभर वाचून टाकतं आणि आम्ही त्या वेळात बुन्युएलो किती झाले ते बघतो. पण दामारिस एका दारापाशी पोचायची, अडायची, मग ते दार लागायचं. मग दुसऱ्या दाराकडे निघायची. तेवढ्या वेळात त्या बाईला किती चालावं लागलं असेल ते आमच्या पायांना कळलं. माझ्या मागे कुणीतरी नाक ओढलं. खुळखुळेवाली पोरं पुढे सरकून तिच्या पायाशी येऊन बसली होती.

पान संपलं. ते दोघं अजून बाहेरच होते. दामारिसनं घाम पुसला.

"मग?" एलिएसेर दारातून म्हणाला. "मिळाली का जागा?"

सगळं घर हसलं. आजी सर्वांत मोठ्यानं. "अरे माझ्या राजा, मिशा पांढऱ्या व्हायला आल्या तुझ्या नोवेना ऐकून, आणि जागा मिळाली का विचारतोस?"

"ऐकली कुठं, आजी?" तो जरा ओशाळून म्हणाला. "भुर्रकन निघून जायची ती. कळायच्या आत गाणं सुरू व्हायचं."

"बाबा, पुढच्या पानावर आहे ते," दामारिस म्हणाली.

नववं पान तिला पाठ होतं. मघासारखं घडाघडा म्हणून टाकलं असतं तर कुणी तिला बोल लावला नसता, मी तर नाहीच. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि ते पानही तिनं वाचलंच, एकेक शब्द, अडत, मागे जात, तो घोगरा आवाज घेऊन. आपलीच पाठ असलेली वाक्यं ती जणू प्रथमच बघत होती. एका ठिकाणी थांबून म्हणाली, "अय्या, असं आहे होय हे?" आणि पुन्हा पुढे गेली. मी रडले. लपवायचं कशाला? स्टुलावर बसून, सगळ्यांच्या देखत रडले.

मग गाणी झाली, आणि नातियाच्या, दुधाच्या गोड वड्या कापल्या गेल्या. गार झालेले बुन्युएलो पुन्हा गरम तेलात पडले. बायका दामारिसच्या गालाला हात लावून जात होत्या. साहेबांनी यातलं काही पाहिलं असतं तर घड्याळ बंद पडलंय असं म्हणून परत गेले असते. मी गुळाच्या गरम पाण्याचा पेला घेऊन चुलीपाशी उभी होते, म्हणून मला पुढचं ऐकू आलं. एरवी मी दुसऱ्यांच्या बोलण्याकडे कान लावत नाही, म्हणजे फारसा लावत नाही.

"दादा, परवाची बस पहाटेची आहे," ओफेलिया म्हणत होती. "पोरीची पिशवी आजच भरून ठेवायला सांग वहिनीला. हा झगा वरच राहू दे."

"दामारिस नाही येणार."

"नाही येणार? मालकिणीला काय सांगू मी?"

"दुसरी कुणी बघा म्हणावं."

"अरे, पण तूच म्हणालास ना, वाचलं तर राहील म्हणून? तू ऐकलंस ना आत्ता? एक पान वाचायला सगळ्यांचं तेल थंड करून टाकलं तिनं. अजून धड वाचता कुठं येतंय तिला?"

एलिएसेरनं कढईतला ताजा बुन्युएलो उचलला, बोटं भाजली म्हणून या हातातून त्या हातात केला, आणि लेकीसाठी बशीत ठेवला.

"म्हणून तर," तो म्हणाला.